स्वयंभू गंधार

तानपुऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमात, मधली जोडी षड्जात, शेवटची खरजात. गंधारात एकही तार नसते. तरीही जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा झंकार, खुलली आणि चारही तारा एकमेकींत मिसळल्या की खरजाच्या गुंजनातून एक स्वच्छ गंधार वर येतो. शिकवणारे गुरुजी अशा वेळी बोलायचं थांबतात. 'आला का ऐकू?' एवढंच विचारतात. पहिले काही दिवस कुणालाच येत नाही. मग एखाद्या संध्याकाळी तो अचानक सापडतो आणि त्यानंतर तो ऐकू न येणं अशक्य होऊन बसतं. कुणी न छेडलेल्या या स्वराला आपल्याकडे नाव आहे: स्वयंभू गंधार.

हा शब्द नाशिककराला नवा नाही. शहरापासून तिसेक किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर आहे आणि तिथलं ज्योतिर्लिंग स्वयंभू मानलं जातं. कुणी घडवलं नाही, कुणी बसवलं नाही, आपलं आपण प्रकटलं. त्र्यंबकचं वेगळेपण असं की तिथे पिंडी वर आलेली नाही. शाळुंकेत उखळासारखा खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. एका पोकळीत तिघं. तानपुऱ्याच्या भोपळ्यातही एका खरजातून षड्ज, पंचम आणि गंधार असे तिघं निघतात. ही तुलना ताणायची नाही. पण 'स्वयंभू' हा शब्द देवळातून गाण्याच्या खोलीत आला, तेव्हा तो आपला अर्थ उंबऱ्याबाहेर ठेवून आला नाही, एवढं खरं.

पुढे गाणं शिकणारा विद्यार्थी संगीताच्या मध्यमा परीक्षेच्या 'शास्त्रा'चं पुस्तक उघडतो किंवा महाविद्यालयात नादशास्त्राच्या तासाला बसतो. तिथे कळतं की ताणलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते: पूर्ण लांबीत, निम्म्यात, तिसऱ्या हिश्शात, चौथ्यात, पाचव्यात. खरजाची कंपनं सेकंदाला १२० धरली, तर तिच्यातच २४०, ३६०, ४८० आणि ६०० कंपनांचे स्वर दडलेले असतात. २४० म्हणजे मधला षड्ज, ३६० म्हणजे पंचम आणि ६०० म्हणजे तार सप्तकातला गंधार. झालं. चमत्कार फळ्यावर आला, आकडे मांडले गेले, वर्ग पुढच्या धड्याकडे वळला.

मग त्या 'स्वयंभू'चं काय झालं? नादाचं पृथक्करण करता आलं की नादब्रह्म उरतं का? गाणं शिकणाऱ्या प्रत्येक विचारी मुलामुलीला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. बहुतेक जण तो विचारत नाहीत, कारण परीक्षेत त्याला गुण नसतात. पण प्रश्न धर्माचा आहे आणि तो विचारायला नाशिकसारखी जागा नाही.

कारण मध्यमा परीक्षेची वाट ज्यांच्या पावलांनी तयार झाली, ते गृहस्थ शेवटी नाशकात, पंचवटीत येऊन राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, शाळेचं शिक्षण अशक्य झालं आणि मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. त्या काळी गाणं शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राबणं, वर्षानुवर्षं थांबणं आणि गुरूच्या मर्जीनं मिळेल तेवढं पदरात घेणं. विष्णु दिगंबरांनी ही सगळी रचनाच बदलायला घेतली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या तिकिटांवर. १९०८ मध्ये मुंबईला शाखा आली. अभ्यासक्रम, इयत्ता, क्रमिक पुस्तकं, स्वतःची स्वरलेखन पद्धती, छापखाना, 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिक. स्वर कागदावर उतरवता येतो, वर्गात शिकवता येतो, तपासता येतो, ही गोष्ट आज इतकी सवयीची आहे की तिच्यामागे एका अधू दृष्टीच्या माणसाची जिद्द होती हे आठवावं लागतं.

मुंबईची भव्य इमारत कर्जापायी लिलावात गेली. पण रामनाम त्याआधीच त्यांच्या आयुष्यात शिरलं होतं. १९२०च्या दशकात त्यांनी नाशकात रामनाम आधाराश्रम उभा केला आणि मैफलीचा गवई हळूहळू तुलसीरामायणावर गाऊन प्रवचनं करणारा साधक होत गेला. 'रघुपती राघव'ची सर्वपरिचित धून त्यांच्या नावावर सांगितली जाते. १९३०च्या दांडीयात्रेत ती गायली गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. धाकटा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघ्या दहा वर्षांचा होता. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून भजनाच्या आर्त, निर्मळ गायकीसाठी देशभर ओळखला गेला आणि १९५५ मध्ये, पस्तिशीही न गाठता गेला.

या आयुष्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. काहींना वाटतं की शास्त्र, लेखन, परीक्षा यांत सगळी उमेद घालवलेल्या माणसाला शेवटी कळलं की खरं ते नामच, बाकीचं फोल. दुसरे म्हणतात की नाशिकचं पर्व ही माघार होती: संस्था कोसळली, माणूस थकला, देवाकडे वळला. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. विष्णु दिगंबरांचं रामनाम स्वरात होतं, तालात होतं आणि शिस्तीत होतं. ज्या गळ्यानं ते तुलसीदास गात होते, तो ग्वाल्हेर गायकीत घडलेला होता. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी आणि वासुदेवबुवांचे गुरू ग्वाल्हेरचे हस्सू खाँ. पंचवटीत उमटणाऱ्या रामनामाच्या मागे एका मुसलमान उस्तादाची तालीम उभी होती. विष्णु दिगंबरांच्या संस्थांनी संगीताला हिंदू भक्तीची चौकट दिली आणि त्यात उस्तादांची परंपरा मागे सारली गेली, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. ती टीका गंभीर आहे आणि तिला उत्तर देण्यापेक्षा ती लक्षात ठेवणं बरं. पण गळा खोटं बोलत नाही. तो कुणाकडून आला ते प्रत्येक तानेत सांगतो.

विष्णु दिगंबर गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची नावं आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या घरांत बोलली जातात. 'मुलीची मध्यमा झाली' हे वाक्य कळायला फोड करावी लागत नाही. पण त्या नावांकडे थोडं थांबून पाहिलं, तर मोठीच वाट उघडते.

'मध्यमा' हा शब्द वाणीच्या तत्त्वज्ञानातलाही आहे. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणी. वैखरी म्हणजे कानाला ऐकू येणारं बोलणं. पश्यंती म्हणजे अर्थ अजून शब्दात फुटलेला नाही ती अवस्था, आणि परा तिच्याही पलीकडची. मध्यमा पश्यंती आणि वैखरी यांच्यामध्ये: शब्द मनात क्रमानं लागले आहेत, पण ओठांवर आलेले नाहीत. रागाचा आराखडा मनात धरून गप्प बसलेला गायक नेमका याच ठिकाणी असतो. परीक्षेची पायरी आणि वाणीची पायरी यांची नावं जुळली हा योगायोग असेलही. तरी संगीताचं शास्त्र राहतं कुठे, याचं इतकं अचूक उत्तर दुसऱ्या शब्दात मिळणं कठीण. शास्त्र आवाजात नसतं आणि मौनातही नसतं. ते मधल्या जागेत असतं.

मात्र याच वाणींवर एक कठोर प्रकरण मराठीत लिहिलं गेलं आहे. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातलं तिसरं प्रकरण 'वाचाऋणपरिहार' या नावानं ओळखलं जातं. चारही वाणी जिवाला झोपेतून जागं करतात, हे त्यांचं ऋण. पण जाग आल्यावर 'मला कळलं' ही जाणीव मागे राहते आणि तीही बेडीच. यासाठी ज्ञानेश्वर शिवसूत्रांचा दाखला देऊन ज्ञानालाच बंध म्हणतात. हे लिहिणाऱ्याचे गुरू, थोरले बंधू निवृत्तिनाथ, त्र्यंबकला समाधिस्थ आहेत. पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या जमतात. म्हणजे नाशिकच्या एकाच परिसरात स्वयंभू लिंग आहे, 'ज्ञान हाही बंध' हा विचार ज्यांच्या कृपेचा मानला जातो त्या गुरूंची समाधी आहे, आणि संगीताचं ज्ञान पुस्तकात बांधणाऱ्या माणसाचा आश्रमही आहे.

ज्ञानेश्वरांचा आक्षेप वर्गात बसलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. यमनचा वादी गंधार, संवादी निषाद, थाट कल्याण, वेळ रात्रीचा पहिला प्रहर: हे घडाघडा सांगणारा विद्यार्थी पुष्कळदा यमनचा गंधार लागला की नाही हे ओळखू शकत नाही. त्याला माहिती आहे आणि ती माहितीच आड येते. लक्षण पाठ झालं म्हणजे राग कळला, असं त्याला मनापासून वाटतं. हा दोष विद्यार्थ्याचा कमी आणि लक्षण पाठ करून घेणाऱ्या शिकवणीचा जास्त. पण याला शास्त्र म्हणू नये. शास्त्र म्हणजे लक्ष कुठे द्यायचं हे शिकवणारी गोष्ट. आणि लक्षाचं शिक्षण हा आपल्या धर्मविचारातला मोठा विषय आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगताना क्रम देतो तो श्रवण, मनन आणि निदिध्यास असा. तिथेही मधली पायरी मननाची आहे. ती गाळून कानापासून थेट ध्यानात उडी मारता येते, असं तो म्हणत नाही.

त्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या याज्ञवल्क्य स्मृतीत आणखी एक चकित करणारी जागा आहे. वीणावादनाचं तत्त्व जाणणारा, श्रुती आणि जातींमध्ये 'विशारद' असलेला, ताल जाणणारा माणूस अनायासे मोक्षाच्या वाटेला लागतो, असं ती सांगते. परीक्षेतल्या पदवीचा शब्द इथे मोक्षाच्या संदर्भात आला आहे. आणि लक्ष द्यावं असं हे की स्मृतिकार नुसतं वीणा वाजवणाऱ्याबद्दल बोलत नाही, तिचं तत्त्व जाणणाऱ्याबद्दल बोलतो. 'शास्त्र शिकलं की भाव जातो' हे वाक्य आज परंपरेच्या नावानं ऐकवलं जातं, पण परंपरा तशी नव्हती.

ती कशी होती हे पाहायला फार लांब जायला नको. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. गोंदेश्वराचं देऊळ आजही तिथे त्या वैभवाची साक्ष देत उभं आहे. पुढे राजधानी देवगिरीला गेली आणि तेराव्या शतकात, राजा सिंघणाच्या काळात, तिथे शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. घराणं मूळ काश्मीरचं. हा माणूस दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकही जाणत होता. त्याच्या ग्रंथाचा पहिला अध्याय स्वरांचा, पण स्वरांकडे येण्यापूर्वी तो शरीर कसं घडतं, गर्भ कसा वाढतो, चक्रं कुठे असतात हे सांगत बसतो. नाद शरीरातून निघतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्या, अशी ही वैद्याची रीत. मग तो नादाचे दोन प्रकार सांगतो. अनाहत म्हणजे आघाताविना असलेला. आणि आहत, म्हणजे आघातातून उमटणारा. अनाहताची उपासना मुनी करतात, तो मुक्ती देतो, पण तो मनाला रंजवत नाही. आहत नाद लोकांना रंजवतो आणि भवबंधही तोडतो. म्हणून, शार्ङ्गदेव म्हणतो, आपण आहताचा विचार करू.

एका हिशेबनिसानं किती मोठा निर्णय किती शांतपणे घेतला आहे! शुद्ध, अस्पर्श, अनाहत ते बाजूला ठेवून त्यानं बोटानं छेडलेल्या तारेचा, श्वासानं फुंकलेल्या वेळूचा, हातानं वाजवलेल्या चामड्याचा पक्ष घेतला आणि मुक्ती तिथेही आहे म्हटलं. उरलेला प्रचंड ग्रंथ मोजमापाचा, वर्गीकरणाचा, लक्षणांचा आहे. त्याच्या लेखी मोजणं हे भक्तीच्या विरोधात नव्हतंच.

आता स्वयंभू गंधाराकडे परत येऊ. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. युरोपातलं शास्त्र सांगत होतं की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर ऐकू येता कामा नये. रामन यांनी दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. त्यांच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर. तानपुऱ्यात तर घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवलेला. तार त्या माथ्याला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि नियमानं गप्प बसायला हवेत असे उपस्वरही बोलू लागतात.

म्हणजे आपला स्वयंभू गंधार पूर्ण स्वयंभू नाही. तो तारेत असतोच, पण त्याला मोठ्यानं बोलायला लावलं ते मिरजेच्या कारागिरानं. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार करत आले, ज्यांचा मूळ धंदा तलवारींना धार लावायचा. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. जवारी काढणारा माणूस कानसानं घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्याच्या एका जास्तीच्या हातानं जवारी बंद होऊ शकते. कारागिराचा हात आणि निसर्गाचा नियम यांचा सांधा कुठे आहे हे ऐकून सांगता येत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा खरं तर त्या सांध्याचीच नोंद झाली.

पृथक्करण आणखी एक गोष्ट दाखवतं आणि ती श्रद्धेला जास्त अवघड आहे. फ्रान्समध्ये १७२२ साली झां-फिलिप रामो यानं हार्मनीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या लेखनात असं मांडलं की एका निनादणाऱ्या वस्तूतूनच षड्ज, गंधार, पंचम ही त्रयी निघते, म्हणून हार्मनी ही निसर्गाची देणगी आहे. पाश्चात्य संगीताच्या वर्गात आजही विद्यार्थी स्वरसंघातांची नावं लिहितात, कुठला संघात घराकडे ओढतो आणि कुठला दूर नेतो याचा माग काढतात, त्याची एक मोठी मुळी रामोपर्यंत जाते. रामोच्या शतकभर आधी केप्लरनं १६१९ मध्ये ग्रहांच्या गतींत स्वरांतरं शोधली होती आणि त्यात ईश्वराची रचना पाहिली होती. सगळं छान जुळत होतं. अडलं एका ठिकाणी: कोमल गंधार. खरजाच्या जवळच्या उपस्वरांत तो सापडत नाही. निसर्ग शुद्ध गंधार हातावर ठेवतो, कोमल ठेवत नाही. तो सिद्ध करायला रामो जन्मभर नवनव्या युक्त्या लढवत राहिला.

तानपुऱ्यासमोर तोडी गाणाऱ्याला हे पुस्तकाविना कळलेलं असतं. मागे तानपुरा शुद्ध गंधार गुणगुणतो आहे आणि गायकाला त्याच्यासमोर कोमल गंधार उभा करायचा आहे, तोही नेहमीपेक्षा उतरलेला. भैरवीचं तेच. भजनं, आरत्या, मैफलीची अखेर, जिथे आपल्याकडे भक्तीचा कंठ सर्वांत जास्त दाटतो, तिथे वापरला जाणारा स्वर निसर्गानं आयता दिलेला नाही. माणसानं तो निवडलेला आहे आणि स्वयंभू स्वराच्या उशाला बसून, त्याचा ताण सोसत, तो धरून ठेवलेला आहे. 'संगीत ईश्वरी आहे कारण ते निसर्गात आहे' हा युक्तिवाद इथे कोसळतो आणि तो कोसळला हे बरंच झालं. ईश्वराचा पुरावा उपस्वरांच्या कोष्टकात शोधायचा नसतो. कोष्टक एवढंच सांगतं की दिलेलं कुठे संपतं. त्यापुढचं गायकानं द्यायचं असतं आणि अर्पण हा शब्द त्यालाच लागू पडतो.

हार्मनीचा अभ्यास विष्णु दिगंबरांच्या परिवारालाही परका नव्हता. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी मुंबईत जिओव्हानी स्क्रिंझी या इटालियन संगीतकाराकडे पाश्चात्य संगीताचे धडे घेतले. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःचं विद्यालय काढलं आणि पुढे तिथेच लहानग्या कुमार गंधर्वांना घडवलं. हार्मनी शिकून देवधरांचं गाणं बाटलं नाही. त्यांची जिज्ञासा मात्र रुंदावली. कंठ कसा वापरावा, आवाज कसा लावावा यावर ते आयुष्यभर विचार करत राहिले.

जिथे दोन पद्धती खरोखर भांडतात ती जागा पेटीची आहे. पेटीवर तोच तार गंधार ६०० ऐवजी जवळपास ६०५ कंपनांचा लागतो, कारण बारा समान घरांत सप्तक वाटताना षड्जाखेरीज प्रत्येक स्वराला थोडं सरकावं लागलं. तानपुरा आणि पेटी एकत्र धरली की या फरकाचे चार-पाच ठोके सेकंदाला ऐकू येतात, एखाद्या थरथरणाऱ्या ज्योतीसारखे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याच्या भागात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवण्यासाठी केवढा खटाटोप केला! १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवर वाद रंगले. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आणि या सगळ्या काळात गावोगावच्या देवळांत, दिंड्यांत, कीर्तनांत पेटी वाजत राहिली. विठ्ठलाला त्या पाच कंपनांची अडचण झाली नाही. शास्त्र इथे खरं बोलत होतं आणि भक्तही खोटा नव्हता.

नारायण वामन टिळकांनी हाच पेच दुसऱ्या बाजूनं अनुभवला. नाशकात संस्कृत शिकलेला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. प्रार्थनामंदिरात भाषांतरित गीतं परदेशी चालींवर गायली जात. चार आवाजांची हार्मनी मराठी कानाला परकी होती. टिळकांनी अभंग आणि ओवीच्या घाटात भजनं लिहिली, कीर्तन मंदिरात आणलं. देव बदलला तरी कान बदलत नाही, हे त्यांना उमगलं होतं. मग हार्मनी परकी का वाटते? कारण आपल्याकडे 'संवाद' एकामागून एक येणाऱ्या स्वरांत ऐकायची सवय आहे, आणि तिकडे एकाच क्षणी उमटणाऱ्या स्वरांत. भरतानं वादी-संवादी म्हटलं तेव्हा त्यालाही स्वरांमधलं हेच नातं सांगायचं होतं, षड्ज-मध्यमाचं आणि षड्ज-पंचमाचं. नातं तेच. ते काळात पसरायचं की क्षणात साठवायचं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय नाशिकचा विचार पुरा होत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो १९३५ पर्यंत चालला. दार उघडलं नाही. त्याच पंचवटीत, त्याच काळात रामनाम आधाराश्रम होता. नाम सर्वांचं आणि मूर्ती काहींची, ही विसंगती तिथे उघड्यावर पडली होती. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. गोड भजन गाणाऱ्या कुणालाही ही गोष्ट विसरायचा अधिकार नाही.

आणि इथेच संगीताच्या शास्त्राचा एक जुना दावा आठवतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात अशी कथा आहे की वेद ज्यांना ऐकता येत नाहीत त्यांच्यासाठी, सर्व वर्णांसाठी, ब्रह्मदेवानं पाचवा वेद रचला. आपल्या संगीतविचाराच्या मूळ ग्रंथानं स्वतःची ओळखच 'सार्ववर्णिक' अशी करून दिली आहे. व्यवहारात हे ज्ञान घराण्यांत, जातींत, मर्जीत अडकलं. मग संगीताचे अभ्यासक भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार खंड मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिले. पलुस्करांनी क्रमिक पुस्तकं छापली. दोघांचं आपसात पटलं नाही. एकाला संगीत पुराव्यावर उभं करायचं होतं, दुसऱ्याला भक्तीवर. पण छापलेलं पुस्तक हातात घेणाऱ्याला जात विचारत नाही. रागाचं लक्षण, स्वराची कंपनं, तालाच्या मात्रा ज्याला वाचता येतं त्याच्या होतात. ज्ञान उघडं करणं हे धर्मकृत्यच आहे, असं मानलं तर मध्यमाची ती पातळ, कोपरे दुमडलेली मार्गदर्शिकाही हलक्यानं हाताळायची वस्तू राहत नाही.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात, त्यांच्या मध्यभागी विणेकरी असतो. वारकऱ्यांची वीणा गत किंवा आलाप वाजवत नाही. ती फक्त स्वर धरून ठेवते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात तर ही वीणा सात दिवस, रात्रंदिवस जमिनीला टेकू देत नाहीत. पहारे लावलेले असतात. मध्यरात्र उलटल्यावर मंडपात आठ-दहा माणसं घोंगडी पांघरून पेंगत असतात, दिव्यावर किडे फिरत असतात आणि एक जण गळ्यात वीणा घेऊन, हातात चिपळ्या धरून उभा असतो. दिवसा कुणी शेतकरी, कुणी एसटीचा वाहक. तार छेडली जाते, विरते, पुन्हा छेडली जाते. इतक्या रात्री, इतक्या शांततेत, खरजावर रेंगाळणारा तो वरचा स्वर मंडपाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येतो. पहारा बदलायची वेळ होते, पुढचा माणूस तोंडावर पाणी मारून येतो, वीणा धरणाऱ्याच्या पाया पडतो, आणि पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो.